कोंबड्यांचा हिवाळा आणि खुराड्यातील गादी

कार्तिक सरता सरता पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागला, म्हणजे घरातील मुलांना स्वेटर आणि वडीलधाऱ्यांना कांबळी काढून देण्याची घाई सुरू होते. ज्या घराच्या परसात पाच-दहा कोंबड्या आहेत, त्या घरची गृहिणी त्यांनाही विसरत नाही. तरटे, रिकामी पोती, जुनी लुगडी जे हाती येईल त्याने ती खुराड्याच्या फटी बुजविते आणि निश्चिंत मनाने निजते. हा कळवळा स्तुत्य खरा. पण त्यायोगे कोंबड्यांवर उपकार न होता बहुधा अपकारच होतो. कोरड्या थंडीने धडधाकट कोंबडी सहसा दगावत नाही. तिला आजारी पाडते ती ओल, आणि ओलीच्या जोडीने येणारी कोंदट हवा. हिवाळ्याची सर्व तयारी या एका गोष्टीकडे दृष्टी ठेवून केली पाहिजे.

लातूर जिल्ह्यातील रेणापूरचे उदाहरण या दृष्टीने घेण्यासारखे आहे. रेणुकादेवीचे हे गाव मराठवाड्याच्या पठारावर वसले आहे. येथील काळ्या जमिनीत खरिपाला सोयाबीन व तूर, रब्बीला ज्वारी व हरभरा, आणि पाणी असेल तेथे ऊस, अशी पिके निघतात. मार्गशीर्ष-पौषात पहाटेचे तापमान १० ते १२ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते, लाट आली तर त्याहूनही खाली जाते. दुपारी मात्र ते पुन्हा २८-३० अंशांवर चढते. युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत हिमदंशाने तुरा काळा पडण्याची जी भीती वर्णिलेली असते, तिचे येथे कारण नाही. येथील अडचण निराळी आहे. दिवस उबदार आणि रात्र गार, यामुळे खुराड्यातील दमट हवा रात्री निवते आणि तिच्यातील पाणी पत्र्याच्या छपराला आतून दवासारखे लागते. पहाटे तेच थेंब खाली ठिबकतात आणि कोंबड्यांच्या पायांखालची जागा ओली करतात.

हे पाणी येते कोठून, याचा हिशेब सोपा आहे. एक मोठी कोंबडी दिवसाकाठी १०० ग्रॅमच्या वर विष्ठा टाकते आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यात रोज पाऊण लिटर पाणी केवळ विष्ठेतून पडते. श्वासावाटे बाहेर पडणारी वाफ निराळीच. फटी बुजविल्या की हे पाणी जाणार कोठे? ते गादीत मुरते. ओल्या विष्ठेत जंतूंची क्रिया सुरू होऊन अमोनिया वायू सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण २५ भागांच्या वर गेले, म्हणजे कोंबडीच्या श्वासनलिकेचे रक्षण करणारे सूक्ष्म तंतू दुबळे होतात आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. शिवाय ओल्या गादीत रक्ती हगवणीचे बीज परिपक्व होते आणि बुरशी लागलेल्या भुशातून फुप्फुसाचा रोग उद्भवतो. माणसाचे नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते, कोंबडीचे जेमतेम फुटावर. यास्तव खुराड्याची हवा पारखावयाची, तर पहाटे दार उघडताच गुडघे टेकून, वाकून पारखावी. डोळे चुरचुरले, तर ती हवा कोंबड्यांना बाधते आहे असे खुशाल समजावे.

थंडीचा बंदोबस्त कोंबडीच्या अंगावर निसर्गानेच केलेला आहे. तिच्या शरीराची उष्णता ४१ अंशांच्या घरात असते. पिसे फुलवून ती त्यांच्यात हवा कोंडून धरते आणि हीच तिची रजई. बसण्यासाठी दोन इंच रुंदीची चपटी दांडी दिली, तर ती पायांची बोटेही पोटाखाली झाकून घेते. प्रत्येक कोंबडीस दांडीवर आठ-दहा इंच जागा पुरते. मात्र दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट वाऱ्याचा झोत आला, तर पिसांतील कोंडलेली हवा उडून जाते. तेव्हा झोत अडवावा, पण हवा अडवू नये, हा विवेक राखावयाचा आहे.

तो राखण्याचे साधन शेजारच्या रानातच असते. तूर झोडून झाल्यावर उरलेल्या तुराट्यांचा कूड हा मराठवाड्याच्या खेड्याला जुना परिचित आहे. खुराड्याच्या उत्तरेच्या व पूर्वेच्या बाजूस असा कूड घालून तो शेणमातीने लिंपून घ्यावा, कारण हिवाळ्यातील वारा बहुधा त्याच अंगाने येतो. छपराखालची वीतभर पट्टी मात्र न लिंपता जाळी लावून मोकळी ठेवावी. ऊन झालेली दमट हवा वर चढते आणि याच वाटेने निघून जाते. दक्षिणेची बाजू जाळीची असावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारचे ऊन आत शिरून गादी वाळविते. रात्री या बाजूस तरट लावावयाचे ते खालून वर ओढून बांधावे, म्हणजे खालचा झोत थांबेल आणि वरचा भाग उघडा राहील. काळी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून खुराड्याचा तळ मुरूम घालून, चोपून फूटभर उंच केलेला असावा.

आता गादीविषयी. गादीने तीन कामे करावयाची असतात: ओल शोषणे, शोषलेली ओल पुन्हा हवेत सोडून देणे, आणि जमिनीचा गारवा पायांना लागू न देणे. या कसोटीवर सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या पातळ सालपटी उत्तम ठरतात. फक्त त्या रंग वा वाळवीचे औषध लावलेल्या लाकडाच्या नसाव्यात. करवतीचा बारीक भुसा त्याहून कमी प्रतीचा. त्याची धूळ नाकात जाते आणि पिले तो खातात. भाताचे तूस चांगले असते, परंतु भात न पिकणाऱ्या मुलखात ते बाहेरून आणावे लागते.

रेणापूरच्या घराला सर्वांत जवळचे ते सोयाबीनचे भुसकट. मळणीनंतर त्याचे ढीगच्या ढीग पडतात. ते हलके असते, हवा धरते आणि स्वस्तही पडते. धोका एकच आहे. परतीच्या पावसात सोयाबीन भिजले, तर भुसकटाच्या पोटात बुरशी धरते. ढिगाच्या आतला मूठभर भाग काढून पाहावा. तो काळसर असला, त्याला कुबट वास आला किंवा झटकताच पांढरी भुकटी उडाली, तर ते उकिरड्यावर टाकावे. उन्हात वाळविल्याने बुरशीचे बीज नाहीसे होत नाही. भुईमुगाच्या टरफलांनाही हीच परीक्षा लावावी. ज्वारीचा कडबा बिछान्यासाठी मनात भरतो. पण त्याची लांब धाटे ओल शोषत नाहीत आणि त्यांवर विष्ठेचा थर बसून चटईसारखा पापुद्रा होतो. शिवाय कडबा हा गुरांच्या तोंडचा घास आहे. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात कडब्याचे मोल निराळे सांगावयास नको. उसाची चिपाडे घ्यावयाची तर खडखडीत वाळवून व बारीक करून घ्यावी, कारण ताज्या चिपाडात निम्मे पाणी असते आणि उरलेल्या गोडीमुळे ती आंबतात.

गादी घालण्यापूर्वी जुनी घाण खरवडून काढावी, तळाला व भिंतींना चुन्याचा हात द्यावा आणि तो वाळू द्यावा. ओल्या गादीवर चुना भुरभुरण्याची जी चाल आहे, तिने अमोनिया एकदम उसळतो. म्हणून कोंबड्या आत असता ती टाळलेली बरी. प्रथम तीन-चार इंचांचा थर द्यावा आणि थंडी वाढेल तसतशी भर घालीत तो सहा इंचांवर न्यावा. दर दोन-तीन दिवसांनी पंजाने तो खालवर करावा. संध्याकाळी मूठभर ज्वारी वा मका गादीवर विखुरली, तर कोंबड्या उकरून हे काम आपणच करतात आणि रात्रीच्या उबेसाठी त्यांच्या पोटात दाणाही पडतो. अमेरिकेत ओहायो राज्यातील कृषी प्रयोगकेंद्राने १९४० नंतरच्या दशकात अशा साठविलेल्या गादीचा अभ्यास केला. कोरडी व हलती ठेवलेली जुनी गादी अपायकारक नसते, उलट तिच्यातील सूक्ष्म जीव विष्ठेचे विघटन करतात, असे तेव्हापासून पोल्ट्रीवाले मानू लागले. ‘गादी पद्धत’ या नावाने हीच रीत आपल्याकडे रूढ झाली. गादी नीट आहे की नाही, हे मुठीने ओळखावे. मूठ दाबून उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती फार ओली. जराशी धरून मोकळी झाली तर योग्य. मुळीच न धरता धूळ उडाली तर फार कोरडी. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर विटांवर ठेवले, तर निम्मी ओल आरंभीच टळते.

पिलांचा विचार मात्र स्वतंत्र करावा लागतो. त्यांना पिसे नसतात. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी कमी करता येते. त्यासाठी लावलेला दिवा तारेने भक्कम बांधलेला व गादीपासून दूर असावा, कारण कोरडे भुसकट एका ठिणगीने पेटते. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी ठेवणे तर जीवघेणेच. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

हिवाळ्याबरोबर आणखी एक भय येते. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या बर्ड फ्ल्यूने मेल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडले ते त्याच रोगाने, असे भोपाळच्या प्रयोगशाळेने ठरविले. हा रोग पाखरांच्या विष्ठेतूनही पसरतो. म्हणून ज्या उघड्या ढिगावर कावळे-पारवे बसतात, त्यावरचे भुसकट घेऊ नये. मळणीनंतर लागलीच पोत्यांत भरून छपराखाली ठेवावे. खुराड्यात जाण्याच्या वहाणा वेगळ्या असाव्यात. पक्षी अचानक मेले, तर उघड्या हाताने न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

फाल्गुनात ऊन तापू लागले की ही गादी काढून खड्ड्यात कुजवावी. ताजी घातल्यास रोपे जळतात, कुजलेली परसातील भाजीला सोन्यासारखी होते. तोवर थंडीचे दोन-अडीच महिने रोज पहाटे नाकाने एवढीच खात्री करून घ्यावयाची, की खुराड्याचे दार उघडल्यावर वास येतो तो केवळ कोरड्या भुसकटाचा.