कागदावरचा पहिला हंगाम

खेळाच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग आपण धरतो. एक खेळणाऱ्यांचा आणि दुसरा पाहणाऱ्यांचा. पण तिसराही एक वर्ग आहे, आणि तो वाटतो तेवढा लहान नाही. हा वर्ग खेळ ‘मांडणाऱ्यांचा’. मैदान नाही, चेंडू नाही, काठी नाही. तरी सामने होतात, गोल होतात, गुणांचा तक्ता तयार होतो, आणि हरलेल्याला रात्री झोप येत नाही. अमेरिका आणि कॅनडा या देशांत अशा कल्पित हॉकी लीग संगणकावर चालतात. त्यांची हॉकी बर्फावरची. भाग घेणारा एक खेळाडू मनाने निर्माण करतो, त्याला नाव देतो, जागा देतो, वेग, नेम, बचाव असे गुण ठराविक मापात वाटून देतो. मग एखादा संघ त्याला निवडतो, आणि संगणक सामने लावून निकाल सांगतो. नवख्या खेळाडूचा पहिला हंगाम म्हणजे तिकडे मोठ्या कौतुकाचा विषय असतो.

हे ऐकून ‘हे काय नवीन खूळ?’ असे आपण म्हणू नये. आपल्याकडे हे फार जुने आहे. मोक्षपट घ्या. ज्ञानेश्वरांनी तो रचला असे परंपरा सांगते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, हातात कवड्या आणि वर मोक्षाचे घर! संबंध मनुष्यजन्माचा तो कागदावरचा हंगामच की. पुढे याच जातीचा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि मुलांचा सापशिडीचा खेळ होऊन बसला.

आणि पुस्तकातले क्रिकेट तर तुमच्यापैकी बहुतेकांनी मागच्या बाकावर बसून खेळलेले असणार. पुस्तक अचानक उघडायचे आणि डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा पाहायचा. डावीकडची पाने सम आकड्यांची, म्हणून शेवटी शून्य, दोन, चार, सहा किंवा आठ येणार. शून्य म्हणजे बाद. दोन, चार, सहा या धावा. आठाला कुठे एक धाव, कुठे काहीच नाही. गावागणिक कायदा वेगळा. आठाला एक धाव धरली तर हिशेब असा : पाचांत एकदा बाद, म्हणजे एक फलंदाज सरासरी चार वेळा धावा काढून मग बाद होणार. दर वेळची सरासरी धाव सव्वातीन. म्हणजे दर गड्यामागे १३ धावा आणि संघाच्या १३०. तरी एखादा फलंदाज पहिल्याच पानावर बाद होतो आणि एखादा पन्नाशी गाठतो. त्या पन्नाशीवाल्याला आपण ‘फॉर्मात आहे’ म्हणतो. फॉर्म कुणाचा? पुस्तकाच्या शिवणीचा!

या गमतीमागे एक गंभीर शास्त्र आहे. १९४६ साली स्टॅनिस्लाव्ह उलाम हा गणिती आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याचा डाव मांडीत बसला होता. डाव सुटण्याचा संभव किती, हे सूत्राने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव मांडून मोजले तर सोपे जाईल, असे त्याच्या मनात आले. त्यातून आणि जॉन फॉन नॉयमनच्या मदतीने ‘माँटे कार्लो’ नावाची पद्धत निघाली. आज अणुशास्त्रापासून हवामानापर्यंत ती वापरतात. संगणकावरची कल्पित लीग ही तिचीच धाकटी बहीण.

आता आमच्या मंगळवेढ्याच्या हंगामाची हकीकत सांगतो. आमच्या काही विद्यार्थ्यांनी गेल्या पावसाळ्यात एका वहीत हॉकीची लीग मांडली आणि सहावा संघ कमी पडला म्हणून मला त्यात ओढले. हॉकी आपली, मैदानावरची. सामन्याचे चार भाग, जसे हल्लीच्या हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे असतात तसे. प्रत्येक भागात प्रत्येक संघाने फासा तीन वेळा टाकायचा. सहा पडला की गोल. म्हणजे सामन्याला संघागणिक बारा फेकी आणि सरासरी दोन गोल. गोल कुणी केला हे दुसऱ्या फेकीने ठरायचे : एक ते पाच पडले तर पाच आघाडीवाल्यांपैकी एक, आणि सहा पडला तर पेनल्टी कॉर्नरवर मागचा गडी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे दहा सामने.

मुलांची तयारी पाहण्याजोगी होती. कुणी ध्यानचंदांना आघाडीवर घेतले, कुणी बलबीरसिंगांना. एकाने खडकीच्या धनराज पिल्लेला घेतले. चार ऑलिंपिक खेळलेला आपला मराठी मुलखातला गडी, तेव्हा ते योग्यच. कुणी बचाव भक्कम ठेवला, कुणी चढाईचा व्यूह रचला. फाशाला यातले काही ठाऊक नव्हते, पण ते कुणाच्या ध्यानात राहत नव्हते.

माझा संघ पहिल्या पाच सामन्यांत चार जिंकला आणि एक बरोबरीत सुटला. तेरा गुण! माझ्या एका आघाडीवाल्याने सहा गोल केले. ‘सरांनी काय संघ बांधलाय’ असे कौतुक वऱ्हांड्यात ऐकू येऊ लागले. पुढच्या पाचांत एक विजय, एक बरोबरी आणि तीन पराभव. गुण चार. लगेच कारणेही तयार! संघ थकला, व्यूह ओळखला गेला, सर परीक्षेच्या कामात गुंतले. सतरा गुणांवर मी दुसरा आलो. वाचकहो, पहिल्या पाचांत आणि दुसऱ्या पाचांत फासा तोच होता, फेकी तितक्याच होत्या, टाकणारा हातही माझाच होता. थकण्याजोगे वहीत कुणीही नव्हते.

मग मी मुलांना बसवून हिशेब मांडला. तो तुम्हीही पडताळून पाहा. बारा फेकी टाकणाऱ्या दोन सारख्या संघांत शंभर सामन्यांपैकी सुमारे २२ बरोबरीत सुटतात आणि उरलेल्यांतले ३९-३९ दोघांच्या वाट्याला जातात. म्हणजे दर सामन्याला सरासरी गुण १.३९ आणि दहा सामन्यांत चौदाच्या आसपास. सर्व सहा संघ तंतोतंत सारखे, तेव्हा तक्त्यात सर्वांना चौदा-चौदा गुण पडतील काय? मुळीच नाही. दहाच सामन्यांच्या हंगामात पहिला संघ साधारण १९-२० गुणांवर जातो आणि शेवटचा आठाच्या आसपास राहतो. वरच्याचे गुण खालच्याच्या दुपटीहून अधिक, आणि दोघांच्या गुणवत्तेत तिळमात्र फरक नाही! वर्तमानपत्रात हाच तक्ता छापून आला असता तर पहिल्या संघाच्या प्रशिक्षकाला हार घातले असते आणि शेवटच्याला घरी पाठवले असते.

‘पण सर, खऱ्या हॉकीत संघ सारखे नसतात’, असे एका मुलाने विचारले. प्रश्न बरोबर आहे. म्हणून दुसरे गणित केले. एका संघाला चौदा फेकी दिल्या आणि दुसऱ्याला दहा. चाळीस टक्के जास्त चढाया, हा काही लहान फरक नव्हे. तरी बलवान संघ शंभरांतून ५३ सामने जिंकतो, २१ बरोबरीत जातात आणि २६ सामने चक्क दुबळा संघ जिंकतो. चारांतून एकदा! याचे कारण हॉकीत गोल थोडे होतात. जिथे मोजायच्या गोष्टी थोड्या, तिथे दैवाला वाव जास्त. कबड्डीत गुण पुष्कळ होतात, म्हणून तिथे बलवानाचे बळ लवकर दिसते. हॉकीत आणि फुटबॉलमध्ये ते दिसायला लांब हंगाम लागतो.

यातून नवख्याच्या पहिल्या हंगामाबद्दल एक गोष्ट निघते. ज्याचा पहिला हंगाम झळाळतो, त्याच्या अंगी गुण असतात आणि त्या हंगामापुरते दैवही असते. दुसऱ्या हंगामात गुण राहतात. दैव मात्र पुन्हा फासा टाकते. म्हणून पुढची कामगिरी बहुधा सरासरीकडे झुकते. फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ साली आईबाप आणि मुले यांच्या उंच्या मोजून हीच गोष्ट दाखवली होती. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांहून कमी. विनोद कांबळीचे उदाहरण घ्या. १९९३ साली पहिल्या सात कसोट्यांत चार शतके, त्यांतली दोन द्विशतके. पुढच्या दहा कसोट्यांत एकही शतक नाही. त्याच्या उतरणीची कारणे लोकांनी पुष्कळ सांगितली, आणि त्यांत तथ्यही असेल. पण सतरा कसोट्यांची त्याची सरासरी ५४.२० आहे, आणि ही कुठल्याही फलंदाजाला भूषणावह आहे. पहिल्या सातांच्या उंचीवर कायम राहणे कुणालाच साधणारे नव्हते. आपण शिखराला पायथा समजलो आणि मग ‘घसरला, घसरला’ म्हणून ओरडलो.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. एखाद्या वर्षी कणसे भरून येतात, एखाद्या वर्षी कडबाही धड हाती लागत नाही. एका सुगीवरून तो रानाची किंमत करीत नाही आणि एका सुगीवरून बियाणे टाकूनही देत नाही. शेजारच्या मोहोळला मालदांडी ३५-१ ही ज्वारी निवडली गेली ती हंगामामागून हंगाम पारखूनच. त्या धीराचे फळ आपण आजही भाकरीच्या रूपाने खातो.

हे सगळे गंमत म्हणून सोडून दिले असते. पण वही सुटून पैसा आला की गंमत राहत नाही. खेळावर पैसे लावण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९५० च्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा असाच ज्वर चढला होता. त्याला आवर घालण्यासाठी १९५५ साली कायदा झाला आणि महिन्याला एकूण हजार रुपयांच्या वरची बक्षिसे बंद झाली. १९५७ साली मुंबई राज्य आणि चमारबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हे असे सांगितले. कौशल्याच्या स्पर्धा मात्र वेगळ्या धरल्या. तेव्हापासून कौशल्य किती आणि दैव किती, हा वाद चालत आला. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हनसारख्या खेळांत कागदावर संघ निवडून लाखो लोकांनी पैसे लावले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की दैवाचे, सरसकट बंद केले, आणि ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

कायद्याने दुकान बंद होते, भूक बंद होत नाही. आडवाटा निघतात. मोबाइल प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. आणि या खेळांत घर बुडते ते बहुधा पहिल्या हरण्याने नव्हे, तर पहिल्या जिंकण्याने. जो पहिल्याच आठवड्यात हरतो तो शंभर रुपये घालवून शहाणा होतो. जो पहिल्या हंगामात जिंकतो, त्याला आपल्याला विद्या साधली असे वाटते. पुढे तो हरू लागला की थकवा, व्यूह, वाईट दिवस अशी कारणे शोधतो आणि गेलेले परत मिळवण्यासाठी आणखी लावतो. ज्वारीचे पैसे, बहिणीच्या लग्नाचे पैसे अशा रीतीने जातात. वाईट याचे, की असा मुलगा बहुधा आळशी नसतो. तो आकडे पाहतो, अभ्यास करतो, बोलतोही हुशारीने. फक्त पाच सामन्यांवरून पन्नास सामन्यांचा निष्कर्ष काढतो.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे असे, की मुलांना नुसते ‘खेळू नका’ म्हणू नका. एक वही आणि एक फासा द्या. सहा सारखे संघ मांडायला लावा. हंगाम संपला की तक्ता बाजूला ठेवून त्याच संघांचा दुसरा हंगाम खेळायला सांगा, मग तिसरा. पहिल्या हंगामातला अजिंक्य संघ तिसऱ्यात तळाला सापडला, की मूल हसते आणि मग थोडा वेळ गप्प बसते. त्या गप्प बसण्यात जे शिक्षण आहे ते माझ्या तासाला होत नाही.

आणि स्वतःपुरतेही हेच लक्षात ठेवावे. नोकरीचे पहिले वर्ष, दुकानाची पहिली दिवाळी, मुलाची पहिली चाचणी हे सगळे पहिलेच हंगाम. चांगले गेले तर आनंद मानावा, पेढे वाटावेत. वाईट गेले तर हात झटकून पुन्हा कामाला लागावे. निकाल मात्र इतक्यात लिहू नये. आमच्या वहीत दुसऱ्या हंगामाचे पान आखून झाले आहे. माझ्या संघातला तो सहा गोलवाला गडी याही वेळी आघाडीवर आहे. मुले त्याच्यावर नजर ठेवून आहेत, आणि फासा अजून पडायचा आहे.