वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा

वसई म्हटली कीं चिमाजी आप्पांचा १७३९ सालचा विजय मराठी घरांतील मुलांसही आठवतो. परंतु त्याच्या दोन वर्षें आधीं, १७३७ सालीं, मराठ्यांनीं घेतलेलें अर्नाळ्याचें बेट फारसें कोणाच्या स्मरणांत नसतें. विरारच्या पश्चिमेस, वैतरणा समुद्रास मिळते तेथें, होडीनें अल्पावधींत पोहोंचतां येईल इतक्या अंतरावर हें बेट आहे. पोर्तुगीज त्यास 'गाईंचें बेट' म्हणत. वैतरणी तरून जाण्यास गाईचें पुच्छ धरावें लागतें, ही आपली श्रद्धा त्या फिरंग्यांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तरी नाम आणि स्थान यांचा हा योग वाचकांस मौजेचा वाटेल.

पहिल्या बाजीरावांच्या काळीं येथील दुर्ग नव्यानें बांधला गेला व दरवाज्यावरील शिलालेखांत त्यांचें नांव आहे. आंत त्र्यंबकेश्वराचें मंदिर, अष्टकोनी तळें व गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तटापासून दूर एक बुरूज एकटाच उभा आहे. परंतु किल्ला म्हणजेच बेट नव्हे. तटाबाहेर कोळी बांधवांची वस्ती आहे, आणि समुद्राची पहिली झळ तिलाच पोहोंचते. गेल्या कांहीं दशकांत किनारा खचत आला असून कित्येक घरें लाटांनीं नेलीं आहेत. अमावास्या-पौर्णिमा आपण व्रतासाठीं पाहतों. तेथें त्या उधाणासाठीं पाहतात.

याचें खापर एकट्या समुद्रावर फोडणें न्याय्य नाहीं. पृथ्वीवरील उष्णता वाढल्यानें पाणी प्रसरण पावतें व हिमनद्या वितळतात. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्रांची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर वाढली, हें खरें. परंतु वाळूच्या किनाऱ्याचा जमाखर्च निराळा असतो. लाटा नेतात तितकी वाळू नदीनें आणून दिली, तरच तो टिकतो. वैतरणा आणि तानसा या नद्यांवर मुंबईस पाणी पुरविणारीं धरणें आहेत. वरचा गाळ तेथें अडतो. खालीं जें उरतें, तें खाडींतून घरबांधणीसाठीं उपसलें जातें. शहरांत नळ सोडणारे व नवे मजले चढविणारे आपणच असल्यामुळें हा हिशेब आपल्या घरापर्यंत येतो.

लोक दगडी बंधारा मागतात, व त्यांची मागणी रास्त आहे. मात्र लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू खणते, आणि भिंत जेथें संपते तेथील जमीन अधिक वेगानें खाते. म्हणून बंधाऱ्यापूर्वीं, निदान त्याच्याबरोबर तरी, वाळूचा उपसा थांबलाच पाहिजे असें माझें स्पष्ट मत आहे.

तटाच्या शिळा सहजासहजीं ढळणार नाहींत. चिंता आहे ती विहिरींची. अशा वालुकामय बेटावरील गोडें पाणी हें पावसाचें; तें हलकें असल्यामुळें भूगर्भांतील खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतें. किनारा आंत सरकूं लागला कीं तो थरही आकसतो. पाणी मचूळ झालें, तर बुरूज उभे असतांनाच वस्तीस बेट सोडावें लागेल.