पोलादातील दडलेला गंज आणि श्राव्यातीत ध्वनी

बालाघाटनजीकच्या भरवेली खाणीतील मँगनीज पोलादास बळकटी देते. गंज मात्र ते रोखू शकत नाही. अणुवीजकेंद्रातील पोलादही यास अपवाद नाही. तेथील अणुभट्टीभोवतीचे कवच हा किरणोत्सर्गी द्रव्ये अडविणारा अखेरचा बांध होय. पोलादी कवचाची काँक्रीटकडील बाजू दृष्टीस पडत नाही, आणि ओल साचून गंज चढतो तो तेथेच. म्हणून आतून श्राव्यातीत ध्वनीचा स्पंद सोडतात. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जाऊन मागील पृष्ठावरून परततो. प्रतिध्वनी जितका लवकर, तितका पत्रा झिजलेला. तारापूरप्रमाणेच १९६९ साली सुरू झालेल्या अमेरिकेतील ऑयस्टर क्रीक केंद्रात वाळूच्या ओल्या थरालगतची झीज १९८६ साली अशाच मोजणीने उघडकीस आली. एकदाच मोजून भागत नाही. त्याच खुणांवर पुनःपुन्हा मोजल्यावरच झिजेचा वेग कळतो.