घरकुलाचा पैसा मंजूर होतो कसा?

गावातील एखाद्या शेतमजुराचे घरकुल जोत्यापर्यंत येऊन थांबले, म्हणजे ‘सरकारने पैसा दिला नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु पैसा कोणत्या पायरीवर अडला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. जो शेतकरी सारा वेळेवर भरतो, त्याने त्या पैशाची पुढील वाटही जाणली पाहिजे.

सारा, मुद्रांकशुल्क व इतर कर राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात. राज्यघटनेच्या 266व्या कलमाप्रमाणे त्यातील एक पैही कायद्याच्या आधाराखेरीज काढता येत नाही. हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. 1892च्या कायद्याने कौन्सिलाच्या सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मत देण्याची नव्हे. नामदार गोखले यांची 1902 पासूनची अंदाजपत्रकावरील गाजलेली भाषणे याच मर्यादेत झाली. प्रांतिक कौन्सिलास मत देण्याचा अधिकार 1919च्या कायद्याने आला, व तोही अपुरा.

आजची रीत अशी आहे. मार्चच्या सुमारास मुंबईच्या अधिवेशनात वार्षिक अंदाजपत्रक मांडले जाते. त्यावर सर्वसाधारण चर्चा झाल्यावर खातेवार मागण्या विधानसभेपुढे येतात. विधानपरिषदेस चर्चा करता येते, पण मागण्यांवर मत देता येत नाही. विधानसभा मागणी मान्य करील, फेटाळील किंवा कपात सूचनेने कमी करील; मात्र तिला ती वाढविता येत नाही, कारण राज्यपालांच्या शिफारशीवाचून मागणी येऊच शकत नाही. मागण्या मंजूर झाल्यावर विनियोजन विधेयक संमत होते, आणि मगच खजिन्याचे कुलूप निघते. वर्षात रक्कम अपुरी पडल्यास पावसाळी अधिवेशनात अथवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात.

आता घरकुलाकडे वळू. ग्रामीण भागासाठी 1985 साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. 2016 साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. तीत सपाट प्रदेशातील घरास 1,20,000 रुपये धरले गेले. केंद्राचा वाटा शेकडा 60 व राज्याचा 40. म्हणजे दर घरामागे केंद्राचे 72,000 व राज्याचे 48,000 रुपये. यावरून एक लाख घरांसाठी राज्यास 480 कोटी रुपयांची तरतूद करावी लागते. केंद्राचा हिस्सा संसदेच्या मंजुरीने व राज्याचा विधानसभेच्या मंजुरीने येतो. दोहोंपैकी एक जरी हिस्सा मागे राहिला, तरी भिंती उभ्या राहून छप्पर खोळंबते. 10 मार्च 2025 रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकात राज्याने दर घरामागे आणखी 50,000 रुपये देण्याचे जाहीर केले. एक लाख घरांस याचे 500 कोटी होतात. घोषणा भाषणात असते, पण तिचे बळ मागणीच्या आकड्यात असते, हे ध्यानात ठेवावे.

शहर व खेडे यांची खातीही निराळी आहेत. नाशिकच्या इंदिरानगरसारखी महापालिकेच्या हद्दीतील वस्ती आणि सुरगाण्याकडील पाडा यांच्या घरांचा पैसा एका मागणीतून येत नाही. शहरी योजना गृहनिर्माण विभागाकडे, तर ग्रामीण योजना ग्रामविकास विभागाकडे आहे. आदिवासींकरिता शबरी घरकुल योजना आदिवासी विकास विभागाची आहे. सबब तक्रार करण्यापूर्वी आपले खाते कोणते ते पाहावे; नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

मंजुरी म्हणजे रोकड नव्हे, हेही खरे. विधानसभेने रक्कम मान्य केली तरी वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने वितरित करतो, आणि जी रक्कम 31 मार्चपर्यंत खर्ची पडत नाही ती साधारणतः व्यपगत होते. म्हणून तरतूद किती, वितरण किती व खर्च किती, हे तीन आकडे निरनिराळे विचारावेत. पुढे महालेखापालांचा अहवाल व विधिमंडळाची लोकलेखा समिती हिशेब तपासतात. परंतु तोवर कित्येक पावसाळे लोटलेले असतात.

शेतकरी बंधूंनी काय करावे? खात्यांचे अंदाज मार्चच्या कितीतरी आधी तयार होतात. मार्चमध्ये आमदारांच्या दारी जाणे म्हणजे सुगी आटोपल्यावर पेरणीस निघण्यासारखे आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्याने भरवाव्या लागतात. तेथे लाभार्थ्यांची यादी नीट तपासून घ्यावी, अपुऱ्या घरांची संख्या व थकलेले हप्ते ठरावात लिहवून घ्यावेत, आणि त्या ठरावाची नक्कल दिवाळीपूर्वी पंचायत समितीस व आमदारांस द्यावी. नुसती विनंती विसरली जाते. पण आकड्यासह ठराव हाती असला, तर आमदारांस सभागृहात प्रश्न विचारता येतो व खात्यास त्याचे उत्तर द्यावे लागते.

ज्यांच्या कष्टावर आपली शेते पिकतात, त्यांच्या डोक्यावर पावसाळ्यापूर्वी छप्पर यावे असे वाटत असेल, तर मोठ्या खातेदारांनीही ग्रामसभेस हजर राहणे हे आपले काम मानावे.