भूमीखालचें धन कोणाचें?

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत शेल नांवाचा खडक पाण्याच्या दाबानें फोडून वायु काढितात. चांगली विहीर लागली कीं भोंवतालचे जमीनधनी हर्षभरित होतात; कारण तेथें भूगर्भांतील वायूहि बहुधा त्यांचाच असतो व विक्रीचा हिस्सा त्यांस मिळतो.

आमच्या डहाणू-तलासरीकडे तसें नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमान्वयें खनिजांचा हक्क सामान्यतः सरकारचा आहे. उद्यां एखाद्या चिकूच्या वाडींत वायु निघाला, तरी धन्यास मोबदला मिळावयाचा तो वरच्या जमिनीचा, पिकाचा व झाडांचा. आणि त्यासाठीं प्रथम पाहिला जाईल तो सातबारा.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, विद्यार्थ्यांनीं घरचा सातबारा आईवडिलांस वाचून दाखवावा. त्यावर दिवंगत आजोबांचेंच नांव राहिलें असल्यास वारसनोंद वेळींच करून घ्यावी.