वास नाही, मग दम कुठला?

रायपुरात कीटकनाशकं विकायची तर नाक दणकट हवं. आमचं कृषी केंद्र वडिलांच्या काळापासूनचं. मूळ आम्ही अमरावतीकडचे, घरात मराठी आणि काउंटरवर छत्तीसगढी. भाद्रपदात धानावर तपकिरी तुडतुडे, म्हणजे इथले ‘माहो’, चढले की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या घाईतही बिनवासाचं औषध पुढे केलं, की गिऱ्हाईक झाकण उघडून हुंगतं आणि नाराजीनं म्हणतं, "भइया, महकत नइ हे."

आता हा वास बराचसा विषाचा नसतोच, द्रावकाचा असतो. पुष्कळ कीटकनाशकं पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती झायलीनसारख्या द्रावकात विरघळवून, पाण्यात मिसळावीत यासाठी इमल्सिफायर घालून बाटलीत भरतात. लेबलावर ‘ईसी’ असतं ते हेच. पंपातलं पाणी दुधाळ झालं की शेतकऱ्याचं समाधान होतं. पण तेच द्रावक डोळे चुरचुरवतं आणि विषाला कातडीतून आत जायला वाट करून देतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास माणसं विषबाधेनं दगावली. तेव्हा विषांच्या नावांवर, मास्क-हातमोज्यांवर खूप बोललं गेलं. द्रावकाबद्दल कोणी बोलल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

विष तेच ठेवून त्याची वागणूक बदलता येते का? मी रविशंकर विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी केलेलं, त्यामुळे हा किडा डोक्यात आहे. त्याच विभागात प्रा. कल्लोल घोष यांच्या गटानं ऑर्गनोफॉस्फेट विषं मायसेलच्या, म्हणजे रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांच्या, मदतीनं कशी मोडावीत यावर बरंच काम केलं आहे. मला सांगायचंय ते याच्या शेजारचं: विषाचा एकेक रेणू दुसऱ्या रेणूच्या पोटात बसवणं.

हा दुसरा रेणू म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. विलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो १८९१ साली सापडला. स्टार्चवर जीवाणूंचं एक विशिष्ट विकर सोडलं की ग्लुकोजची साखळी तुटून तिचं कडं बनतं. सहा ग्लुकोजचं ते अल्फा, सातांचं बीटा, आठांचं गॅमा. आकार बुड नसलेल्या वाटीचा. बाहेरची बाजू पाण्याशी जमवून घेणारी, आतली तेलकट पदार्थांशी. पाण्यात अवघडलेला विषाचा रेणू आतल्या पाण्याला हुसकावून तिथे जाऊन बसतो. बंध वगैरे काही जुळत नाही, तो पुन्हा बाहेर येऊ शकतो. एवढ्यानंही विद्राव्यता वाढते, उडून जाणं कमी होतं. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर नासतं, त्यालाही असा आडोसा देण्याचे प्रयोग झाले आहेत.

मग हे माझ्या कपाटात का नाही? हिशेब करा. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा रेणुभार ११३५, क्लोरपायरीफॉसचा ३५०. २० टक्के ईसीच्या एका किलोत २०० ग्रॅम विष असतं. रेणूला रेणू द्यायचा तर सुमारे ६५० ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन लागेल. एकराला एवढा खर्च कोण करणार? शिवाय पंपात पाणी भरून पातळ केलं की निम्मेअधिक पाहुणे बाहेर पडायचीही भीती.

जिथे मात्रा चिमूटभर, तिथे मात्र ही युक्ती बाजारात टिकली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी शोधून काढलं, की १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू फळांना इथिलीनची, म्हणजे त्यांना पिकवणाऱ्या वायूची, चाहूल लागू देत नाही. वायू बाटलीत विकणार कसा? अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये कोंडल्यावर त्याची पावडर झाली. शीतगृहात पावडरीत पाणी घातलं की वायू सुटतो, आणि हवेच्या दहा लाख भागांत एखादा भाग असला तरी सफरचंदं महिनोन् महिने करकरीत राहतात. अमेरिकी कायद्यात याची नोंद पेस्टिसाइड म्हणूनच आहे!

माझ्याकडे कोंडलेलं म्हणून मिळतं ते ‘सीएस’, म्हणजे सूक्ष्म कुप्यांत भरलेलं औषध: लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के. त्यातल्या एकेका सूक्ष्म पॉलिमर-कुपीत असंख्य रेणू असतात, म्हणजे रेणूगणिक कोंदण नव्हे. वास कमी, हाताळायला बरं. पण कुपी म्हणजे निर्धोक असंही नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात मिथाइल पॅराथिऑनच्या कुप्या आल्या. परागकणांएवढ्या असल्यानं मधमाश्या त्या पोळ्यात घेऊन गेल्या आणि पोळीच्या पोळी मेली.

धानासाठी मला आशा वाटते ती फवाऱ्यात नाही, कामगंध सापळ्यात. पिवळ्या खोडकिडीच्या मादीचा गंध मुख्यतः दोन अल्डिहाइडांचा. हवेत ती उडतात, ऑक्सिजननं बिघडतात. सध्या ती रबरी गोळीत भरतात, तीही काही मिलिग्रॅमच. ती सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये बसवली, तर इथे त्याचा खर्च कोणाला जाणवणारसुद्धा नाही. लाभांडीच्या कृषी विद्यापीठातला एखादा विद्यार्थी दुकानात आला, की हा विषय मी त्याच्या गळी उतरवायला बघतो. बहुतेक जण बिल घेऊन सटकतात.