लाइट गेल्यावर स्वतःची वीज करणारी तबकडी

अंजनवेलला पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा घरच्या नेटवर्कवर फाइल्स साठवणाऱ्या नॅसमधल्या हार्ड डिस्कमध्ये जे घडतं ते थक्क करणारं आहे. तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेत असते. तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने धावते. माहिती वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यापासून अवघे काही नॅनोमीटर वर, हवेच्या थरावर तरंगतं. आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड! वीज तुटली, की हेड तबकडीवर आदळायलाच हवं. पण गरगरणारी तबकडी त्याच मोटरला सायकलच्या डायनॅमोसारखी राबवते आणि त्या चिमूटभर विजेवर हेड बाजूला जाऊन टेकतं. अर्धवट लिहिलेली माहिती मात्र जाते, म्हणून यूपीएस हवाच.

वाशिष्ठीच्या मुखावरच्या या गावात खरी काळजी दमट, खाऱ्या हवेची. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात उष्णतेपेक्षा आर्द्रता जास्त घातक दिसली आणि तिचा घाव मुख्यतः डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरवर बसत होता. मग डिस्क अखंड चालू ठेवणं इथे उलट बरंच. चालती डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते, तिच्यावर ओल धरत नाही.

मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्क तर हीलियम भरून सीलबंद केलेल्या असतात. या वायूची घनता हवेच्या सातव्या हिश्शाइतकी, त्यामुळे तबकड्यांना अडथळा कमी आणि आत खाऱ्या हवेला वाटच नाही. परवडत असेल, तर किनाऱ्यावर मी हीच घेईन.

एरवी डिस्क घेताना टीबीचा आकडा नंतर पाहावा. आधी डिस्क नॅससाठी बनवलेली आहे का, वर्षाला किती माहितीची ये-जा सोसते ते वाचावं. घरगुती नॅसच्या डिस्कवर बहुधा 180 टीबी लिहिलेलं असतं. लिहिण्याची पद्धत सीएमआर हवी. एसएमआर पद्धतीत माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. आणि 10 लाख तासांचा एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) म्हणजे 114 वर्षांचं आयुष्य नव्हे. शंभर डिस्क वर्षभर चालवल्या, तर साधारण एक जाईल, एवढाच त्याचा अर्थ.

ती एक आपलीही असू शकते. गूगलच्या 2007 च्या अभ्यासात, पृष्ठभाग तपासताना पहिली चूक (स्कॅन एरर) दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या 39 पट निघाली. तशी एरर आली, तर नवी डिस्क त्याच दिवशी मागवावी.